न झिजणारा ब्रश

सुनीतीने आणखी एक ब्रश पाण्यात बुडवला, मनगटाला हलका झटका दिला आणि टोक दाराच्या उजेडाकडे धरलं. टोक जमलं नव्हतं. दोन केस दोन दिशांना तोंडं फिरवून बसले होते.

"हाही नको," ती म्हणाली.

"काकू, ब्रश बघताय की जावई?" काउंटरमागून संजयने विचारलं.

"जावई चांगला मिळालाय हो. ब्रशच मिळत नाहीये."

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातलं हे रंगांचं दुकान. शाळा उघडायचे दिवस असल्यामुळे बाहेर वह्या-पुस्तकांसाठी झुंबड उडाली होती आणि आत पंख्याचा तेवढा आवाज होता. संजयने वाटीतलं पाणी न सांगता बदलून दिलं. सुनीतीची पारख करायची रीत त्याला माहीत होती. आधी ओला करून झटकायचा, टोक सुईसारखं यायला हवं. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर दाबून उचलायचा, केस वाकलेले राहता कामा नयेत. शेवटी रद्दी कागदावर एका श्वासात एक रेघ, जाड सुरू होऊन धाग्याएवढी बारीक होत गेलेली. पूर्वी ती वरचेवर यायची. गेली तीन वर्षं मात्र दुकानाकडे फिरकली नव्हती.

"रागावणार नसाल तर एक सांगतो," संजय खणाच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला. "प्राण्याच्या केसाचा आलाय. सायबेरियाकडचा. महाग आहे, पण एकदा हातात धरलात की..."

"माझा नेम आहे, माहिती आहे ना तुम्हाला?"

त्याने मुठीवरचा हात काढून घेतला.

मग सुनीतीने कौतुकाने सांगितलं, की घरी आहे तोही नायलॉनचाच आहे. तीन वर्षं वापरतेय, टोक जसंच्या तसं. आता कुठे एखादा केस बाहेर डोकावायला लागला, म्हणून त्याच्यासारखा दुसरा शोधायला आले.

"तीन वर्षं?" संजयने चष्मा वर केला. "काकू, नायलॉनचं टोक सहा महिन्यांत आकड्यासारखं वळतं. तीन वर्षं टिकणारा मिळाला तर मी बाकीचं सगळं विकायचं बंद करीन. कुठून घेतलात?"

"यांनी आणलाय. जपानी आहे. ती कंपनी बंद पडली म्हणाले."

"असेल," संजय म्हणाला, आणि नाकारलेले ब्रश एकेक करून बरणीत उभे करू लागला.

पुण्यात दुकानदार 'असेल' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, हे सुनीतीला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण तिने ते ऐकलं तसं घेतलं. त्यातल्या त्यात बरा एक ब्रश बांधून घेतला आणि बिबवेवाडीची बस पकडली.

खिडकीशी बसून ती मनात नाम घेत होती, पण मन संजयच्या बोलण्यापाशी जाऊन परत येत होतं, आणि दर वेळी तिला बरंच वाटत होतं. सहा महिन्यांत वळणारं टोक तिच्याकडे तीन वर्षं सरळ राहिलं होतं. भजनी मंडळात तिने हे एकदा बोलून दाखवलं होतं. तेव्हा मंडळाच्या सुशीलाबाई म्हणाल्या होत्या, द्रौपदीची थाळी तसा तुमचा ब्रश. सगळ्या हसल्या होत्या. सुनीतीही हसली होती, पण घरी आल्यावर देवासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहिली होती.

तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं असं फारसं काही नव्हतं. महापालिकेच्या शाळेत कारकून म्हणून तिने नोकरी केली आणि निवृत्त झाली. नवरा दीनानाथ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूलरूममध्ये होता. मुलीचं, पूर्वाचं, लग्न होईपर्यंत ते तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहिले. एकादशी, गुरुवार, रोजचं सहस्रनाम, यात कधी खंड पडला नाही. आणि लघुचित्रं. संध्याकाळच्या एका वर्गात ती ही पत्त्याएवढी चित्रं शिकली. वर्गातल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक ब्रश दाखवला होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा, आणि ते केस कसे कापतात तेही हसत सांगितलं होतं. क्वार्टर्सच्या चिंचेवर खारी होत्या. सुनीतीने धुतलेले तांदूळ सुपात पसरले की त्या कठड्यावर येऊन बसायच्या. ज्या जिवाच्या पाठीवरून रामाने बोटं फिरवली, त्याच्या केसांनी रामाचं चित्र काढायचं, हे तिच्या मनाला पटेना. तिने त्या रात्री नेम घेतला, की ब्रश कुठल्याही जिवाच्या केसाचा नसेल.

नेम घेणं सोपं होतं. नायलॉनने बारीक काम करणं अवघड. रेघ मध्येच फाटायची, रंग एकदम सांडायचा. मागचा अधिक महिना संपताना तिने मनाशी ठरवलं होतं, की पुढच्या अधिकात वाण म्हणून कॉलनीतल्या राममंदिराला रामाची तेहतीस चित्रं द्यायची. रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यात, पोटात काही जायच्या आधी देवघरात बसून काढायची. पहिलंच चित्र होतं जनकाच्या बागेतल्या सीतेचं. डोळा काढताना नायलॉनचं टोक वळलं आणि काजळ गालावर ओघळलं. सुनीती पुसायचं सोडून रडत तशीच बसून राहिली. दीनानाथने दारातून पाहिलं आणि निघून गेला.

आठवड्याभराने त्याने नवा ब्रश तिच्यापुढे ठेवला. काळी दांडी, त्यावर नाव नाही, गाव नाही.

तिने विचारलं होतं. अगदी स्पष्ट विचारलं होतं. रेघ मारण्याआधी टोक ओठात धरून जमवायची तिची सवय होती, सगळेच चित्रकार तसं करतात, म्हणून तिने विचारलं होतं की यात कुठल्या प्राण्याचं काही नाही ना.

"नायलॉन आहे," दीनानाथ म्हणाला होता. "टूथब्रश समज."

त्या ब्रशने रेघ पाण्यासारखी वाहिली. वर्गातल्या जुन्या मैत्रिणी म्हणू लागल्या, सुनीती, तुझा हात सुधारला गं. साठीनंतर कुणाचा हात सुधारतो का, ती म्हणायची. पण मनात तिला उत्तर माहीत होतं. नेम पाळला, म्हणून रामाने हात धरला. खांडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात तेव्हा दीनानाथच्या पान्यांशेजारी तिने तो ब्रश ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि दांडीला लाल दोरा बांधला.

दुकानातून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी अधिकातली दुसरी एकादशी होती. बत्तीस चित्रं झाली होती. तेहतिसावं समोर होतं. सेतू बांधला जातोय, वानर दगड वाहतायत, आणि एका बाजूला राम खाली बसलेला, त्याच्या तळव्यावर खार. खारीच्या पाठीवरचे तीन पट्टे तेवढे राहिले होते. दोन ओढून झाले. तिसऱ्याच्या वेळी तो कालचा चुकार केस पुन्हा बाहेर आला.

अशा केसाचं काय करायचं हे तिला जुन्या नायलॉनच्या ब्रशांमुळे ठाऊक होतं. तो केस उदबत्तीच्या निखाऱ्याजवळ न्यायचा. नायलॉन वितळतं, आक्रसून त्याचा बारीक मणी होतो, तो चिमट्याने खुडला की झालं. या ब्रशच्या बाबतीत ती वेळ कधी आलीच नव्हती. तिने देवासमोरची उदबत्ती उचलली आणि केस तिच्या टोकाला लावला.

मणी झाला नाही. केस चर्रकन जळाला, आणि वास आला. लहानपणी चुलीशी वाकलं की बट जळून यायचा तो. कधीही न चुकणारा.

सुनीतीने पिशवीतून कालचा नवा ब्रश काढला. त्याचा एक केस उपटून उदबत्तीला लावला. वितळला, मणी झाला. मग तिने पुन्हा जुन्या ब्रशचा एक केस उपटला. या वेळी वास येण्याआधीच तिने डोळे मिटले होते.

दीनानाथ गॅलरीत पेपर वाचत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ब्रश पुढे धरला.

"हा कशाचा आहे?"

त्याने ब्रशकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पेपराची घडी घातली. खोटं बोलायची तयारी नव्हती असं नाही, पण तिच्या अंगाला उदबत्तीबरोबर जळल्या केसाचा वास येत होता.

"खार नाही," तो म्हणाला. "तुझा नेम खारीचा होता. हे सायबेरियातलं काहीतरी आहे, मुंगसाच्या जातीतलं. त्याचा आणि आपल्या रामाचा काही संबंध नाही."

मग तोच बोलत राहिला. पूर्वाने ऑनलाइन मागवून दिला होता. दांडीवरचं नाव त्याने पॉलिश पेपरने घासून काढलं आणि वर काळा रंग दिला. वाईट हत्यार देऊन चांगलं काम मागणारा माणूस आमच्या शॉपमध्ये उभा केला नसता, असं तो म्हणाला. तू रडत होतीस, तेव्हा मी काय करायचं होतं? देवाला चांगलं चित्र मिळालं, तुला समाधान मिळालं, यात कुणाचं काय बिघडलं?

"तीन वर्षं झिजला नाही तो."

"तीन वर्षं कोणता ब्रश टिकतो?" दीनानाथ म्हणाला. "टोक गेलं की बदलत होतो. तू देवळात गेलीस की. हा चौथा. आता तो यायचाच बंद झालाय, नाहीतर..."

सुनीतीने दांडीवरच्या लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि हा दोरा?"

"मीच काढून बांधायचो."

समोरच्या इमारतीत कुणीतरी मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत तिचं बोट दोऱ्यावरच होतं.

"पण तुला खरंच कळलं नाही?" दीनानाथने विचारलं, आणि त्याच्या आवाजात आता थोडी धार आली होती. "इतकी वर्षं ब्रश हाताळतेस. दुकानदाराला घाम फोडतेस. तुला कळलं नाही?"

सुनीतीला खूप काही म्हणायचं होतं. पारख करायची ती परक्याच्या दुकानात, असं म्हणायचं होतं. घरात आलेली वस्तू कुणी नखावर दाबून बघत नाही. पण तिच्या तोंडून एवढंच आलं:

"मी तोंडात धरत होते हो. उपाशीपोटी."

ती आत गेली. दीनानाथला मोरीतला नळ सुटल्याचं ऐकू आलं. बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत राहिला.

दुपारी पूर्वाचा फोन आला. बाबांनी सांगितलेलं दिसत होतं. पूर्वा समजावणीच्या सुरात बोलली, की आई, इट्स जस्ट अ ब्रश, आणि बाबांचं इन्टेन्शन बघ ना, किती क्यूट आहे ते. शौनक तर म्हणतो, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

"शौनकरावांनाही माहीत होतं?"

"अगं, ऑर्डर त्याच्याच अकाउंटवरून केली होती."

फोन ठेवल्यावर सुनीतीला मागची दिवाळी आठवली. फराळाला सगळे बसले होते आणि शौनकने विचारलं होतं, आईंचा टूथब्रश कसा चाललाय? दीनानाथ हसला, पूर्वा हसताना तिच्या ताटातली चकली खाली पडली. आपण ब्रश तोंडात धरतो म्हणून चेष्टा चाललीय, असं समजून सुनीतीही हसली होती. सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

पण टूथब्रशचं तिला एवढं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. पाण्यासारखी वाहणारी रेघ, सीतेच्या पापणीचा केस न् केस, मैत्रिणींचं ते 'हात सुधारला'. ज्याला ती कृपा म्हणत होती, ते कुठल्यातरी बर्फातल्या मुक्या जिवाच्या शेपटीतून आलं होतं. देवासमोर ती दोन मिनिटं जास्त उभी राहिली होती, आणि त्याच वेळी कदाचित नवरा आतल्या खोलीत लाल दोऱ्याची गाठ मारत होता.

संध्याकाळी सुशीलाबाई चौकटीचं माप घ्यायला आल्या. मंदिराच्या सभामंडपात उजव्या भिंतीवर तेहतीस चित्रांची एकच मोठी चौकट लावायचं ठरलं होतं. सुताराला आज सांगायला हवं होतं.

"यंदा नाही जमणार," सुनीती म्हणाली.

सुशीलाबाईंना कळेना. त्यांनी चित्रं पाहिली होती. परवापर्यंत बत्तीस पुरी झाली होती.

"झालीत. पण देण्याजोगी नाहीत. ब्रश नीट नव्हता."

"म्हणजे थाळी रिकामी झाली का अखेर?" सुशीलाबाई हसून म्हणाल्या. "झिजला ना?"

दीनानाथ आतल्या दाराशी उभा होता. सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"झिजला," ती म्हणाली.

सुशीलाबाईंनी जाताना सुचवलं, की एवढंच वाटत असेल तर गुरुजींना विचारा, ते काहीतरी मार्ग सांगतील. सुनीतीने मान डोलावली. गुरुजी काय सांगतील हे तिला माहीत होतं. भाव महत्त्वाचा, नकळत घडलेल्याचा दोष नाही, गोमूत्र शिंपडा आणि द्या. ते नक्की क्षमा करतील, म्हणूनच ती विचारायला गेली नाही. रात्री तिने सगळी चित्रं जुन्या रेशमी लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि देवघरात न ठेवता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. सेतूचं चित्र सर्वांत वर होतं. खारीच्या पाठीवर दोन पट्टे.

दीनानाथ म्हणाला, की राहू दे, पुढच्या अधिकात देऊ. ती म्हणाली, पुढच्या अधिकात देणारच आहे, पण ही नाही. दुसरी काढेन.

"तीन वर्षं कुणी पाहिलीत, सुनीती? तुझे डोळे..."

"म्हणून लगेच सुरुवात करायला हवी."

रविवारी पूर्वा आणि शौनक बाणेरहून अधिकाच्या वाणाला आले. अनारसे सुनीतीने आधीच तळून डब्यात भरून ठेवले होते. ती त्या दिवशीही पहाटे उठली, पुरण घातलं, पाटाभोवती रांगोळी काढली. काही बदललं नाही. शौनकला पाटावर बसवलं, गंध लावलं, चांदीच्या ताम्हनात तेहतीस अनारसे आणि वर तुपाचा दिवा ठेवून ते त्याच्या हातात दिलं. जावई म्हणजे अधिकातला नारायण. वाकून नमस्कार करायला ती पुढे झाली तेव्हा शौनक चुळबुळला.

"आई, सॉरी. म्हणजे ते ब्रशचं. आम्हाला वाटलं नव्हतं तुम्ही इतकं..."

"शौनकराव, आज तुम्ही नारायण आहात," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "नारायणाने सॉरी म्हणायचं नसतं."

तिने नमस्कार केला. जेवणं झाली. पूर्वाने भांडी आवरताना दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आईने तिला डब्यात पुरणपोळ्या किती भरू, असं विचारलं. निघताना पूर्वा दारात क्षणभर तिला बिलगली. सुनीतीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, लेकीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

दीनानाथला वाटलं होतं, ती रागावेल, एखादं वाक्य टाकेल. त्याच्याकडे उत्तरं तयार होती. कारखान्यात माणसांशी भांडून त्याने आयुष्य काढलं होतं. पण ती चहा वेळेवर देत होती, गुडघ्याला तेल लावलं का विचारत होती. फक्त सकाळचं एक थांबलं होतं. रोजचं काम झालं की ती चित्र ओलं असतानाच त्याच्यापुढे आणायची आणि तो भिंग काढून, कारखान्यातला माल तपासावा तसा ते तपासायचा, कुठेतरी खोट काढायचा, ती हसायची. भिंग त्याच्या टेबलावर पुसून तयार असायचं. एकादशीपासून त्याच्यापुढे काही आलं नाही.

अधिक संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दीनानाथला जाग आली तेव्हा देवघरातून उदबत्तीचा वास येत होता. अर्धवट लोटलेल्या दारातून त्याला तिची पाठ दिसली. समोर कोरा कागद होता आणि हातात संजयच्या दुकानातला नायलॉनचा ब्रश. तिने तो ओठांकडे नेला नाही. ओल्या फडक्यावर फिरवून, बोटांच्या चिमटीत धरून ती टोक जमवत होती, पुन्हा पुन्हा, आणि ते पुन्हा पुन्हा फुटत होतं. तिने एक रेघ ओढली. ती लांबूनही जाड दिसली.

तो दात घासायला मोरीत गेला.

आरशाखाली स्टीलच्या पेल्यात दोघांचे टूथब्रश असायचे. त्याचा हिरवा होता. त्याच्या शेजारी, तिच्या टूथब्रशच्या जागी, काळ्या दांडीचा तो ब्रश उभा होता. दांडीवरचा लाल दोरा काढलेला होता. ब्रश साबणाने स्वच्छ धुतला होता, आणि त्याचं टोक नीट जमवून, सुईसारखं करून ठेवलेलं होतं.

दीनानाथने पेल्याकडे हात नेला आणि मागे घेतला. मग त्याने बोटावर पेस्ट घेतली आणि आरशाकडे न बघता बोटानेच दात घासले.